पाटात उरलेलं पाणी

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. मी तापट. वाशीमच्या शाळेत गणित शिकवायचो तेव्हा खडू मोडला तरी मला खडूचा राग यायचा. त्यात नागपूरहून पदवी घेऊन आलेलो, तेव्हा चार बुकं जास्त शिकल्याची घमेंड वेगळीच. बायको म्हणायची, "तुम्ही भाजीवालीकडेसुद्धा सिद्धता मागाल." खोटं नव्हतं. एकदा मागितली होती.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. वाशीमहून रिसोडच्या वाटेनं चारेक कोसांवर, सडकेपासून आत, माळ्यांची एक वस्ती होती. गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर जुना दगडी बांध. त्यात एक झरा, उन्हाळ्यातही न आटणारा. रात्रभर बांधात पाणी साठायचं. सकाळी बांधाच्या मोरीचा लाकडी दट्ट्या काढला की पाणी पाटानं निघायचं आणि दिवसभरात एकापाठोपाठ एक सात मळ्यांना जायचं. वांगी, कांदे, मेथी, मिरच्या, सगळा माल वाशीमच्या बाजारात. आम्ही जी भाजी खायचो ती या पाटावरची असायची, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

पाण्याची पाळी मोजायची ती वाटीनं. तांब्याची छोटी वाटी, बुडाला बारीक भोक. लग्नात मुहूर्ताला घंगाळात घटकेची वाटी सोडतात ना, तीच. बांधावर घंगाळ भरून ठेवायचं, त्यात वाटी तरंगत सोडायची. हळूहळू भरून बुडाली की तिथला माणूस ओरडणार, "बुडाली!" ती हाक मळ्यामळ्यातून पुढं जायची. पहिल्या मळ्याच्या पाच वाट्या, शेवटच्याही पाच, मधल्या पाचांच्या चार-चार. तीस वाट्यांचा दिवस. हे आकडे कोणी ठरवले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजा-पणजाचे, एवढंच. दरवर्षी आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवेलागणीला सातही मळेवाले बांधावर जमायचे, वाटीला हळदकुंकू वाहायचे, आणि एकेकानं वाटीला हात लावून आपला आकडा मोठ्यानं बोलायचा. बोलला की वर्षभर पक्का. मग आभाळ कोसळलं तरी पुढच्या आखजीपर्यंत बदल नाही.

शेवटचा मळा एका विधवा बाईचा. पस्तिशीची असेल. नवरा गेला त्याच्या आदल्या वर्षी दोघांनी मिळून चाळीस संत्र्याची झाडं लावली होती. संत्र्याचं झाड लेकरासारखं असतं, पहिली चार वर्षं त्याचे लाड पुरवावे लागतात, मग ते तुम्हाला पोसतं. तिच्या झाडांचा तिसरा उन्हाळा चालू होता. पाणी पुरत नव्हतं. मागचे दोन उन्हाळे तिनं नाल्यातल्या डबक्यातून घागरी वाहून झाडं धरली होती. आता ते डबकंही आटलं होतं. झाडं गेली तर मळा विकून मजुरीला जायचं, एवढंच तिच्यापुढं होतं. तिनं वाशीमला येऊन तहसीलदारांकडे सरळ तक्रार केली की वाट्यांच्या हिशेबात खोट आहे. पहिल्या मळ्याचा म्हातारा पाणी चोरतो असंही बेधडक म्हणाली.

तहसीलदार शहाणा माणूस. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही गणिताचे. जरा जाऊन बघता का? आखजीच्या आत काही निघालं तर बरं." मध्ये महिना होता. मी म्हटलं, महिना कशाला, दोन रविवार पुरेत.

सायकलवर गेलो. बाईच घेऊन गेली बांधावर. बरोबर एक खुणा केलेली काठी आणि रॉकेलचा डबा घेतला होता. सकाळी बांध काठोकाठ होता तेव्हा मोरीच्या तोंडाशी डबा धरला, आठ अंक मोजेपर्यंत भरला. संध्याकाळी पाणी खाली गेल्यावर तोच डबा भरायला तेरा अंक लागले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटी वेळ मोजते, पाणी नाही! सकाळच्या वाटीत पाणी जास्त, संध्याकाळच्या वाटीत कमी. चोरी कुणीच करत नव्हतं. पहिल्या मळ्याच्या पाच आणि शेवटच्या पाच दिसायला सारख्या होत्या, इतकंच.

घरी येऊन मी बसलो. बांधातल्या पाण्याच्या उंचीचं वर्गमूळ, त्याप्रमाणे मोरीचा वेग, झऱ्याची भर, पाटात मुरणारं पाणी, कोरडा पाट भरायला लागणारा वेळ. प्रत्येक मळ्याला वेगळं समीकरण, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं. आठ दिवस मी भात कुठं नि वरण कुठं असा जेवलो. शेवटी चार कागद भरले आणि उत्तर निघालं. सगळ्यांना सारखं पाणी द्यायचं तर पहिल्या मळ्याला पाचऐवजी चार वाट्या, शेवटच्याला साडेसहा. मधल्यांचं थोडंथोडं कमीजास्त. खरं सांगतो, त्या कागदांकडे बघून मला भरून आलं. इतकं देखणं गणित मी पुन्हा कधी केलं नाही.

ते कागद तहसीलदारांपुढं ठेवले. त्यांनी पहिला उलटला, दुसरा उलटला, चष्मा काढला. "मास्तर, एका ओळीत सांगा. कोणाला किती वाट्या?" सांगितलं. म्हणाले, "ठीक. आता हे त्या सात जणांच्या गळी उतरवा. त्यांनी बांधावर आकडा बोलला तर हे गणित. नाही तर ही रद्दी." मला असा संताप आला! पण तहसीलदारांवर ओरडता येत नाही, म्हणून येताना सायकलला लाथ घातली.

पुढच्या रविवारी गावच्या शाळेतला फळा काढून बांधाजवळच्या बाभळीला टेकवला. सातही मळेवाले येऊन बसले. शेजारीच मंगरूळपीरचे एक कलईवाले चाचा भाता मांडून बसलेले. ते दरवर्षी आखजीच्या आधी गावाची भांडी कलई करायला यायचे. मी फळ्यावर वर्गमूळ काढलं आणि समजावायला लागलो. पहिल्या मळ्याचे म्हातारे, सत्तरीचे, अंगानं वाळलेले, पण आवाज खणखणीत, त्यांनी हात वर केला.

"मास्तर, हा वाकडा खिळा काय होय?"

लोक हसले. मी पुन्हा समजावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझा पारा चढला आणि मी खडू फेकून पुटपुटलो, "गाढवापुढं वाचली गीता!"

ती शेवटच्या मळ्याची बाई पुढंच बसली होती. तिच्यासाठीच मी घसा कोरडा करत होतो. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, गाढव कोन अन् गीता कोनती, हे आधी ठरू द्या. आमाले समजत नाही का तुमाले सांगता येत नाही?"

पुन्हा हसू. माझे कान लाल झाले. पण बोलली ते खरं होतं, आणि मी काही इतका दगड नव्हतो. फळा पुसला. रॉकेलचा डबा मागवला आणि म्हाताऱ्यांना म्हटलं, सकाळी याच मोरीशी हा डबा आठ अंकांत भरतो. आता तुम्हीच धरा नि मोजा. दिवस कलला होता. त्यांनी धरला. बारा मोजले तेव्हा भरला.

मला वाटलं, आता त्यांचे डोळे विस्फारतील. म्हातारे डबा ओतून देत म्हणाले, "हे तुमी मले सांगून राह्यले? सकाळचं पानी पैलवान, संध्याकाळचं म्हातारं. माह्या आज्यालेबी ठाव होतं. मी सकाळी मळ्याच्या तोंडाचा नाका अर्धाच उघडतो, नाही त वाफे फुटतात."

दुसरा एक जण म्हणाला, पाण्याचा आवाज ऐकून तो डोळे मिटूनही सांगतो, बांधात किती पाणी आहे. तिसऱ्यानं पाटातल्या कोणत्या वळणावर किती पाणी मुरतं ते हाताच्या मुठी दाखवून सांगितलं. मी खिशातला कागद काढून ताडून पाहिलं. त्याच्या मुठी आणि माझा आकडा यांत अंतर जवळजवळ नव्हतं! मी चाटच पडलो. आठ दिवस डोकं खाजवून मी जे काढलं ते सगळं या सात जणांत मिळून आधीच होतं. एकाच्या कानात, एकाच्या मुठीत. फक्त ते एकत्र करून कुणी बेरीज मांडली नव्हती.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं. "ठाऊक आहे तर पाचाच्या चार करा."

म्हातारे उठून उभे राहिले. "चार? माह्या बापानं या वाटीले हात लावून पाच मनलं. आज्यानं पाच मनलं. अन् मी गावासमोर चार मनू? मराले टेकलो मी, मास्तर. वर गेल्यावर त्याहीले काय तोंड दाखवू?"

बाकीच्यांच्याही माना हलल्या. त्या बाईलाही पाचाच्या साडेसहा म्हणणं जड गेलं असतं. अर्धी वाटी कुणी कधी बोललंच नव्हतं. मी हताश होऊन खाली बसलो. यावर कोणतं समीकरण लावणार?

तेवढ्यात मागून चाचा बोलले. हातातलं पातेलं फिरवतच होते, वर बघितलंही नाही. "वाट्या पाच राहू द्या ना. भोक बदला."

कुणाला पटकन कळलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू. चाचांनी पातेलं ठेवलं. "देखो मास्टर, सात मळे, सात वाट्या. हर एकाची आपली वाटी. बुढेबाबाच्या वाटीले भोक मोठं, ते लवकर बुडेल. बाईच्या वाटीले भोक बारीक, ते आरामात बुडेल. बाबा पाचच बोलतील, बाईबी पाचच बोलेल. तुमचा हिसाब भोकात जाऊन बसेल."

तुमचा हिसाब भोकात जाऊन बसेल! आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. चार कागद, सगळी वर्गमुळं, मुरणं आणि भरणं, सुईएवढ्या भोकात. आणि ज्यानं पाळी घ्यायची त्याला त्यातलं काही कळायची गरज नाही. त्यानं बापाचा आकडा बोलावा नि मोकळं व्हावं.

म्हाताऱ्यांनी जुनी वाटी उचलून तिच्या भोकातून उजेड बघितला. मग म्हणाले, "पाच ते पाच. भोकाचं आमच्या बापजाद्यानं काही सांगितलं नाही." याला होकार समजायचा. पण लगेच पुढं म्हणाले, "पन हा हिसाब त्या बाईच्या सांगन्यावरून निंगाला हाय. कोनाच्या अंगानं झुकला हे मले कसं समजावं? आखजीच्या दिवशी करून दाखवा. पटलं त हात लावतो, नाही त तुमच्या सात वाट्या नाल्यात."

आता चाचांना आकडे द्यायचे होते. मी मिनिटं आणि सेकंद लिहून नेली. चाचांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, परत दिला. घड्याळ त्यांच्या कामाचं नव्हतं. म्हणाले, "जुनी वाटी माझ्यासमोर ठेवा. मले इतकंच सांगा, जुनी कितीदा बुडल्यावर नवी कितीदा."

रात्र न्‌ दिवस गणितात लोळणाऱ्या माणसाला हे सुचू नये? गुणोत्तर! म्हटलं, बाबांची वाटी अशी करा, जुनी चारदा बुडेल तेवढ्यात नवी पाचदा बुडावी. बाईंची अशी, जुनी तेरादा बुडेल तेवढ्यात नवी दहादाच बुडावी. चाचा दोन घंगाळं भरून बसले. एकात जुनी, एकात नवी. टोचणीला एक वेढा द्यायचा, वाटी सोडायची, बोटांवर मोजायचं, पुन्हा अर्धा वेढा. चार दिवस हेच. मी शाळा सुटली की जाऊन घड्याळ लावून तपासायचो. सातातल्या एकाही वाटीत बोट दाखवायला जागा नव्हती. भाता फुंकून फुंकून त्या माणसाच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, भोक त्याला नीट दिसतही नव्हतं. तो नखानं चाचपायचा. मी वर्गात जाऊन पोरांना सांगितलं की काटेकोर म्हणजे काय ते मी आज पाहिलं.

आखजी उजाडली. झुंजूमुंजू असताना मोरी उघडली. ओळीत सात घंगाळं, प्रत्येकात ज्याची त्याची वाटी. म्हातारे आपल्या वाटीपुढं मांडी घालून बसले, डोळ्याची पापणी हलू देईनात. त्यांची पाचवी वाटी बुडाली तेव्हा ते मळ्यात जाऊन आले आणि म्हणाले, "वाफे भरले." बस्, तेवढंच. मग दुसरा मळा, तिसरा. कुणाची तक्रार नाही. मी तर हवेत होतो.

दुपार कलल्यावर मी पाटाच्या कडेनं शेवटच्या मळ्याकडे गेलो. बाईची पाळी लागली होती. झाडं पाहून मात्र माझी हवा उतरली. कमरेएवढी झाडं, पानं पन्हाळीसारखी वळलेली, कडा जळालेल्या. ती एकेका आळ्यात पाणी वळवत होती, पाठ सरळ न करता. मोठं भोक असलेल्या वाट्यांच्या हाका लवकर लवकर आल्या होत्या. हिच्या वाटीची हाक येता येईना. प्रत्येक हाकेला ती थोडी हसायची. दिवस मावळायला तासभर असताना शेवटची हाक आली, "बुडाली!" वर मोरी बंद झाली. मी घड्याळ बघितलं, बरोबर ठरल्याप्रमाणे. मी म्हटलं, "चला बाई, बांधावर जाऊ. आकडा बोलायचाय."

"थांबा ना मास्तर. चालले कुठं? पानी अजून येऊन राह्यलं."

मी पाटात बघितलं. खरंच येत होतं.

"मोरी बंद केली का पाट लगेच कोरडा होते का?" ती म्हणाली. "वरच्या सगळ्याइचे नाके बंद. मंग पाटात जे रायलं ते कुठं जाईन? खाली. अन् खाली मीच हावो."

मी घड्याळ हातात धरून उभा राहिलो. पाणी येतच होतं. बारीक होत होत, पण येत होतं. पाच मिनिटं. दहा. वीस. पाट भरायला लागणारं पाणी मी धरलं होतं. प्रत्येकाच्या डोक्यावर टाकलं होतं. पण भरलेला पाट शेवटी रिकामा होतो, ते पाणी मी धरलंच नव्हतं! चार कागदांत कुठंच नव्हतं. मी सगळं वर बांधावर मोजलं होतं. या वेळी या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. तिच्याशिवाय कुणीच राहत नव्हतं.

"किती झालं?" तिनं विचारलं.

मनात हिशेब केला. जुन्या मापानं जवळजवळ एक वाटी. "साडेसहा नाही," मी म्हटलं, "तुमचा वाटा साडेपाच होतो. बाकीची एक तुम्हाला पाटातून आपोआप मिळते. तुमची वाटी जरा जास्तच हळू झाली." आणि खरं लिहितो, मी पुढं म्हणालो, "पण राहू द्या. हे कुणाला ठाऊक नाही. वर्षभराचा प्रश्न आहे, झाडांची दशा बघा." माझ्या चुकीचं काय होईल याचीही भीती होती मला, फक्त तिची कणव नव्हती.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घड्याळ खिशात टाकलं. मग ती झाडांकडे वळली. सगळ्या ओळींवरून नजर फिरवली, सावकाश, आणि पार टोकाच्या ओळीवर थांबली. फावडं खांद्यावर टाकलं आणि चालू लागली.

बांधावर दिवे लागायच्या बेतात होते. सगळे जमले होते. म्हाताऱ्यांनी हात धुवून आपल्या वाटीकडे नेलाच होता. बाई म्हणाली, "थांबा मामाजी. माही वाटी चुकली हाय. पाटात रायलेलं पानी मास्तरांनी धरलं नाही. ते मले मिळते. माह्या वाटीचं भोक मोठं करा."

म्हाताऱ्यांनी हात मागं घेतला. "किती मिळते?"

"एक वाटी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पुन्हा सांगावं लागलं. "भोक मोठं केलं तर मोरी एक वाटी आधी बंद होईल. ते पाणी बांधात राहील, उद्या सगळ्यांचं."

म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. दोन वर्षं ही बाई त्यांना चोर म्हणत होती, आणि ते तिला काय म्हणत होते ते मी लिहीत नाही. ते उठले, पाटाच्या कडेनं खाली गेले. आम्ही थांबलो. परत आले तेव्हा धापा टाकत होते. म्हणाले, "पाहून आलो झाडं. बरेच वर्सांत तिकडं गेलो नव्हतो. भोक राहू द्या. औंदा तसंच राहू द्या. पुढच्या आखजीले करू मोठं."

"कायले?" बाई कडाडली. "दयेचं पानी पाजता का मले?"

"दयेचं कायचं, पोरी! झाडं मरतील ना!"

"मरू द्या! दोन वर्सं मी बोंबलत होती का हिसाबात खोट हाय. आता खोट माह्या अंगानं आली त गप बसू? मंग तुमाले चोर मनलं ते कोन्या तोंडानं?"

काय म्हणावं या लोकांना! काल एकेका वाटीसाठी एकमेकांचा गळा धरणारे, आज एक म्हणतो घे, दुसरी म्हणते घेणार नाही, आणि दोघंही तितक्याच तारस्वरात. मी आयुष्यात पुष्कळ सिद्धता वाचल्या. डोळ्यांदेखत घडलेली ती एकच पाहिली.

चाचा मध्ये आले. तिची वाटी हातात घेऊन म्हणाले, "बाई, सोच लो. भोक मोठं होते, छोटं होत नाही. एकदा टोचणी फिरली का फिरली."

"फिरवा," ती म्हणाली.

मी नवं गुणोत्तर सांगितलं, जुनी अकरादा, नवी दहादा. चाचांनी टोचणी लावली आणि वेढा दिला. पुन्हा घंगाळात सोडून पाहिली, पुन्हा किंचित फिरवली. मग दिवे लागले. म्हाताऱ्यांनी आपल्या वाटीला हात लावला आणि म्हणाले, "पाच." आवाज खणखणीत नव्हता. इतरांनी चार-चार म्हटलं. शेवटी ती म्हणाली, "पाच." मी तहसीलदारांना कागद दिला त्यात चारच ओळी होत्या, आणि चौथीत लिहिलं की पाटात उरलेलं पाणी मला शेवटच्या मळ्याच्या बाईंनी दाखवलं.

पुढं उन्हाळा संपता संपता, मृगाच्या आधी, मी तिकडे गेलो. मनाला चैन नव्हती. झाडं हिरवी होती, नवी पालवी आली होती. मी मोजली. पस्तीस. टोकाच्या ओळीतली पाच वाळून काटक्या झाली होती.

मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण माझ्यानं राहवेना. "बाई, भोक तसंच ठेवलं असतं तर ही पाच जगली असती का?" मनातून मला वाटत होतं की तिनं म्हणावं, नाही मास्तर, त्यांना वाळवीच लागली होती.

ती खुरपं घेऊन आळं उकरत होती. थांबली नाही. "जगली असती," ती म्हणाली. "हेच पाच जातील ते मले त्याच दिवशी ठाव होतं. पार टोकाले होते, पानी तिकडं सगळ्यात उशिरा जाते. त्याहीले पाहूनच वर आली होती मी."

आणि ती पुढच्या आळ्याकडे गेली. मी तिथंच उभा होतो. तिचं लक्ष नव्हतं तेव्हा मी हात जोडले आणि सायकल घेऊन निघालो.